फिटनेस सर्टिफिकेटवर नसलेला प्रश्न

"डॉक्टर, ट्रेकला जायचंय, फिटनेस सर्टिफिकेट हवंय." पावसाळा सरत आला की हे वाक्य नेहमी ऐकू येतं. नाडी बघायची, रक्तदाब मोजायचा, सही करायची. पाच मिनिटांत तुम्ही 'फिट'! पण आंबोली-तिळारीच्या घनदाट जंगलात पायी जाणाऱ्यासाठी एवढा कागद पुरेसा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन-चार तास आत गेल्यावर काही झालं तर बाहेर कसे येणार, हा खरा प्रश्न त्यावर कुठेच नसतो.

बहुतेकांना भीती वाटते ती जळवांची. जळू चावल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. दिसायला भयंकर, पण सहसा निरुपद्रवी. नखाने अलगद सरकवून काढा, जखम धुवा आणि दाबून धरा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर मात्र आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

ज्याची भीती वाटत नाही, तो त्रास उष्णतेचा. झाडांच्या सावलीत ऊन लागणार नाही असं वाटतं. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं ही थांबण्याची खूण समजा. नुसतं पाणी ढोसू नका, ओआरएस घ्या. माणूस असंबद्ध बोलू लागला तर ते उष्माघाताचं लक्षण असू शकतं. अंग ओलं करा, वारा घाला आणि ताबडतोब मदत बोलवा.

साप चावला तर जखम कापणं, चोखणं, वर घट्ट दोरी बांधणं यांपैकी काहीही करू नका. अंगठी, घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय फळीने स्थिर करा, आणि शक्यतो रुग्णाला चालवू नका, उचलून आणा. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते. या जंगलातल्या चापड्याच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. तरीही रुग्णालय गाठायलाच हवं, कारण रक्तस्राव आणि मूत्रपिंडावर लक्ष तिथेच ठेवता येतं. म्हणून म्हणतो, दोघांनीच जाऊ नका. एक पडला तर उचलणार कोण?

आणि गोचीड. माकडताप 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. 2016 मध्ये त्याचे रुग्ण दोडामार्ग तालुक्यातही सापडले. त्याचा जोर थंडी आणि उन्हाळ्यात, म्हणजे नेमका ट्रेकच्या दिवसांत असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, कीटकरोधक मलम लावा, परतल्यावर सगळं अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा.

तेव्हा सर्टिफिकेट मागायला याल तेव्हा मी तुम्हाला तीन गोष्टी विचारेन. सोबत वाट माहीत असलेला स्थानिक माणूस आहे का? जवळचं सर्पदंशावर उपचार करणारं रुग्णालय कोणतं? आणि किती वाजता, कुठेही असलात तरी, मागे फिरणार? उत्तरं नसतील तर रक्तदाब 120/80 असूनही तुम्ही माझ्या लेखी तयार नाही.

शेवटची विनंती. परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "मी जंगलात जाऊन आलोय." लेप्टो, स्क्रब टायफस, माकडताप हे सगळे सुरुवातीला साध्या फ्लूसारखेच दिसतात. तुमच्या त्या एका वाक्याने आम्ही योग्य तपासणी वेळेवर करू शकतो.