आधी दारं मोजा, मग चाकं

आमच्या घरात दोन महिन्यांपासून गाडीचा विषय चालू आहे. यांना थार हवी आहे आणि तीही तीन दारांची, 2020 साली आलेली. मला मार्चमध्ये दुसरं बाळ होणार आहे. एवढं वाचूनच काही मैत्रिणी हसल्या असतील.

पण यांचं सगळंच खोटं नाही. अमरावती–अकोला महामार्गासाठी कोणालाच फोर बाय फोर लागत नाही. याच रस्त्यावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीजमध्ये नोंद झाली. उलट अशा बहुतेक गाड्यांत कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांना जोर द्यायचाच नसतो. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखी फिरत नाहीत, त्याचा ताण आतल्या यंत्रावर येतो. म्हणजे अकोल्याला माहेरी जाताना आमचं ते चौथं चाक नुसतंच बसून येणार.

प्रश्न सासूबाईंच्या गावाचा आहे. दर्यापूर तालुका, पूर्णेचा खारपाणपट्टा. गावाला जोडणारा शेवटचा दीड किलोमीटर रस्ता अजून मातीचाच. ती काळी माती पाऊस पडला की टायरच्या खाचांत भरते, आणि मग टायर गुळगुळीत भांड्यासारखं फिरत राहतं. मागच्या श्रावणात सासूबाईंची साखर एकदम उतरली. आमची कार डांबरी रस्त्यावर उभी, आणि त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून आणलं. वरून ताडपत्री धरली होती. त्या दिवसापासून यांच्या डोक्यात ही गाडी आहे. ते बोलून दाखवत नाहीत, चिखलातले व्हिडिओ दाखवतात.

त्या व्हिडिओंबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे. चिखलदऱ्याकडे पावसाळ्यात निव्वळ मजेसाठी गवतातून, नाल्यातून गाडी घालायची, याला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात. कारण नसताना केलेली हिंसा. पाणी गाळून पिणाऱ्या घरातल्या माणसाने ओढ्यात गाडी नाचवावी, हे मला पटत नाही. आईला आणायला चिखलात जाणं वेगळं. एवढं यांनीही मान्य केलं.

मग मी एक काम केलं. सासूबाईंनाच शोरूममध्ये घेऊन गेले. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. नऊवारी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या आणि म्हणाल्या, "काहून वं, या वयात मले घोड्यावर बसवतं का?" सेल्समन हसला. हे मात्र हसले नाहीत. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्यांनाच ती चढता येत नव्हती.

जिम्नी मला आवडली होती. पाच दारं, आटोपशीर, फोर बाय फोर सगळ्याच मॉडेलांत. पण माणसं चारच. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई, झाले पाच. मुक्तागिरीला जाताना डबे आणि पाण्याची कॅनही असते, आणि सूर्यास्ताच्या आत घरी यायचं म्हणजे दोन फेऱ्या करता येत नाहीत. बोलेरो गावात सगळ्यांच्या ओळखीची, पण तिच्या मागच्या आडव्या सीटवर मी मुलांना बसवणार नाही. तान्ह्या बाळाची सीट समोर तोंड असलेल्या बाकावर, पट्ट्याने नीट अडकवलेलीच हवी. मांडीवर घेतलं की बाळ सुरक्षित, ही आपली समजूत चुकीची आहे. जोराचा ब्रेक लागला तर हात बाळाला धरू शकत नाहीत.

राहिल्या दोन. स्कॉर्पिओ-एन आणि 2024 च्या पंधरा ऑगस्टला आलेली पाच दारांची थार रॉक्स. रॉक्सला भारत एनकॅपचे पाच तारे आहेत, हे माझ्यासाठी रंगापेक्षा मोठं. पण फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये आणि वरच्या किमतीत. आणि आतून पांढरी! काळ्या मातीच्या मुलखात, सात वर्षांच्या मुलीच्या चपलांसह, पांढऱ्या सीटा कोणाला सुचल्या असतील? नंतर त्यांनी तपकिरी रंगही काढला म्हणून वाचलो. सीटा खऱ्या चामड्याच्या नाहीत ना, हे मी आधीच विचारून घेतलं. तुम्हीही विचारा, आपण होऊन कोणी सांगत नाही.

स्कॉर्पिओत जागा जास्त, सासूबाईंना चढायलाही बरी वाटली. पण त्या मातीच्या रस्त्यावर वजन जास्त तेवढी गाडी जास्त रुतते, असं गावातले ट्रॅक्टरवाले सांगतात. आणि नुसतं फोर बाय फोर घेऊन भागत नाही, टायर साधेच राहिले तर चारही चाकं जागेवर फिरतात. म्हणून टायरचे पैसे मी हिशोबात आधीच धरले आहेत. हे म्हणतात, नंतर बघू.

येत्या रविवारी रॉक्स गावापर्यंत चालवून बघायची आहे. सासूबाईंनी फोनवर विचारलं, पायरी आहे का? मी म्हटलं, आहे. त्या म्हणाल्या, तरी घरचा पाट ठेवजो.