नाजूक त्वचा आणि नको असलेले केस

तुळशीचे लग्न आटोपले की जुन्नर-आंबेगावात लग्नसराई सुरू होते, आणि कोरडी थंडीही. नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव येथील लहान पार्लरांत मग बसायला जागा उरत नाही. दिवसभर द्राक्षबागेत उन्हात राबलेली मुलगी त्याच सायंकाळी हातापायांना वॅक्स करून घेते आणि दुसऱ्या दिवशी हळदीला लालबुंद पुरळ घेऊन बसते. वडीलधाऱ्यांस वाटते, हळद बाधली. बिचाऱ्या हळदीचा त्यात बहुधा काहीच दोष नसतो.

वॅक्सची पट्टी केसांबरोबर त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्राही ओढून काढते. निरोगी त्वचा हे सोसते. उन्हाने होरपळलेली, थंडीने भेगाळलेली किंवा इसब असलेली त्वचा सोसत नाही. मुरुमांसाठी रेटिनॉइडचे मलम वा गोळी चालू असेल तर वॅक्सचा विचारही करू नये. कातडी सोलून निघते. वॅक्समध्ये काय आहे, हेही विचारावे. अनेक तयार वॅक्समध्ये राळ असते आणि काहींना तिचीच ॲलर्जी असते. कित्येकांत मधमेणही असते. मध वर्ज्य मानणाऱ्या घरांतील स्त्रियांना हे ठाऊक असलेले बरे. साखर, लिंबू व पाणी आटवून घरी केलेला पाक या दोन्हींपासून मुक्त असतो, मात्र तो कोमट असतानाच लावावा. पाकाचा चटका पाण्याच्या चटक्याहून खोल जातो, कारण तो कातडीला चिकटून राहतो. समारंभापूर्वी निदान चार-पाच दिवस मोकळे ठेवावेत आणि वॅक्सनंतर दिवसभर ऊन, अतिगरम पाणी, अत्तर व घट्ट कपडे टाळावेत.

वस्तऱ्याने केस दाट व राठ होतात, हा समज घरोघरी आहे. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी संशोधिकेने प्रयोग करून पाहिला. वाढीत फरक आढळला नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो हाताला टोचतो, एवढेच. अतिसंवेदनशील त्वचेसाठी स्वच्छ, धारदार रेझर हाच पुष्कळदा सर्वांत सौम्य मार्ग ठरतो. अंघोळीनंतर, ओल्या त्वचेवर, साबणाचा वा जेलचा थर देऊन, केसांच्या वाढीच्या दिशेने तो फिरवावा. कोरड्या हातापायांवर घाईने फिरवलेला, आणि त्यातून घरातील दुसऱ्याचा रेझर, हे मात्र दुखणे ओढवून घेणे होय.

केस विरघळवणारी क्रीम दिसते निरुपद्रवी. त्वचा स्वभावतः किंचित आम्लधर्मी, सामू साधारण ५. क्रीमचा सामू १२ च्या आसपास. केसातील केराटिन प्रथिनाचे बंध ती तोडते, आणि त्वचेतही तेच केराटिन असते. म्हणून घड्याळ समोर ठेवावे, डब्यावरील वेळेपेक्षा एक मिनिटही अधिक नको. कोपराच्या आतील बाजूस थोडी लावून, धुऊन, दोन दिवस वाट पाहावी. ही चाचणी वॅक्ससही लागू आहे.

लेसरचा खर्च मोठा आणि वेळही मोठा: सहा-आठ बैठका, मध्ये चार ते सहा आठवडे. पुणे-नाशिक महामार्गावरील तेवढ्या फेऱ्या आधीच हिशेबात धराव्यात. लेसर केसातील काळ्या रंगद्रव्यावर काम करतो, त्यामुळे पांढऱ्या केसांवर तो निष्फळ. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचे एनडी-यॅग यंत्र अधिक सुरक्षित मानतात. कोणते यंत्र आहे हे त्वचारोगतज्ज्ञांना निःसंकोच विचारावे.

हनुवटी, ओठावर किंवा छातीवर अचानक राठ केस येऊ लागले, पाळी अनियमित झाली, वजन वाढले, तर आधी पार्लर नव्हे, स्त्रीरोगतज्ज्ञ गाठावा. अशा वेळी पीसीओएस असण्याचा संभव असतो. लाजेपोटी मुली दोरा ओढत राहतात आणि आई 'वयात आली की होतेच' म्हणते. तेवढ्यात दोन-तीन वर्षे निघून जातात. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी एवढ्यावर पुष्कळदा निदान होते. औषध सुरू केल्यावरही केसांत फरक दिसायला सहा महिने लागतात, हे मुलीला पहिल्याच दिवशी सांगावे, म्हणजे ती मध्येच गोळ्या सोडत नाही.