वटवाघळांसाठी एक दिवस

बैलांना आपण पोळ्याचा दिवस दिला आहे. नागाला पंचमी दिली आहे. आपल्या विदर्भात तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. ज्या जिवांच्या आधाराने शेती चालते, त्यांचे वर्षातून एकदा तरी स्मरण करावे, ही आपली जुनी रीत आहे. मात्र या मानाच्या पंक्तीत एका उपकारकर्त्या प्राण्याचे पान अद्याप मांडलेले नाही. तो प्राणी म्हणजे वटवाघूळ. प्रत्येक गावाने त्याच्यासाठी एक दिवस राखावा, असे माझे मत आहे.

हे वाचून तुम्हांपैकी काही जण नाक मुरडतील. वटवाघूळ अपशकुनी असते, आंधळे असते, केसांत अडकले की सुटत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यातले काहीच खरे नाही. वटवाघळाला डोळे असतात व त्यांनी ते पाहते. ते पक्षीही नव्हे. ते आपल्या पिलाला दूध पाजते. सस्तन प्राण्यांत पंख हलवून खरोखर उडणारे प्राणी एवढेच. जगात त्याच्या १४०० हून अधिक जाती आहेत. भारतात सुमारे १३० आढळतात.

वड, पिंपळ, चिंच अशा झाडांना दिवसा उलटी लटकलेली मोठी वटवाघळे तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या पसरलेल्या पंखांची रुंदी एक मीटरहून अधिक भरते. ती नजरेने आणि वासाने फळे शोधतात. आपल्या जिल्ह्यातील रानात मोह फुलला, की ती रात्री तेथे येतात, फुलांचा गोड भाग खातात आणि परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. वड, पिंपळ, उंबर यांची फळे खाऊन ती बिया दूरवर टाकतात. ज्या माळावर कोणी कधी झाड लावले नाही, तेथे उगवलेल्या उंबराचा माळी कोण, याचा विचार करा.

दुसऱ्या, बहुधा लहान आकाराच्या जाती कीटकांवर जगतात. आपल्याला ऐकू येणार नाही इतक्या उंच स्वरात त्या ओरडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंधारात भक्ष्य टिपतात. डोळ्यांवाचूनही वटवाघूळ न आपटता उडते, परंतु कान बुजविले तर धडपडते, हे इटलीतील स्पालान्झानी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविले होते. त्यामागचे रहस्य उलगडण्यास १९३८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत ग्रिफिन यांनी यंत्राच्या साहाय्याने तो न ऐकू येणारा आवाज पकडला.

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. बोंडअळी ज्या पतंगांपासून उपजते, ते रात्री उडतात. आणि रात्रीच्या आकाशात कीटक टिपणारा हा राखणदार मजुरी मागत नाही. अमेरिकेतील टेक्सस राज्यातील आठ काउंटींच्या मुलखाचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तेथील वटवाघळे कापसाच्या पिकाचे वर्षाला सुमारे सात लाख डॉलरांचे हित करतात, असे त्यात आढळले. आपल्याकडे २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. वटवाघळे असली म्हणजे फवारणी लागणारच नाही, असे मी म्हणत नाही; परंतु जो फुकटचा राखणदार लाभला आहे, त्यालाच हाकलून देणे कोणत्या शहाणपणाचे?

हे शहाणपण मलाही उशिरा आले. मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेच्या आवारात एक चिंच होती. तीवर वटवाघळांची वसाहत असे व अंगण घाण होई. शाळेची तपासणी जवळ आली, तेव्हा मी शिपायाकडून फटाके लावविले. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली एक मादी मरून पडली होती आणि तिच्या छातीला बिलगलेले पिलू अजून हलत होते. मोठ्या वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिलू देते, हे मला पुढे कळले. मुले माझ्याकडे पाहत होती. मी त्यांना काही सांगू शकलो नाही.

काही जण विचारतील, वटवाघळांपासून रोग होत नाहीत काय? शंका रास्त आहे. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला आढळल्याचे २०२१ साली जाहीर झाले. म्हणून वटवाघळाला हात लावू नये, त्याने कुरतडलेले फळ खाऊ नये, त्याच्या गुहेत शिरू नये. पण दूर राहणे निराळे आणि मारणे निराळे. फळबागेचे थोडे नुकसान होते, हेही मान्य. त्यासाठी योग्य प्रकारे जाळी लावता येते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उपद्रवी ठरविले होते. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती यादीच काढून टाकली. कायदा बदलला, आता आपली दृष्टी बदलावयास हवी.

युरोपात १९९७ पासून ऑगस्टच्या अखेरीस वटवाघळांची रात्र साजरी होते. तमिळनाडूतील काही गावे तर वटवाघळांसाठी दिवाळीत फटाके उडवीत नाहीत. आपला पोळाही ऑगस्ट-सप्टेंबरातच येतो. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी आजी-आजोबांसह सारे गाव झाडापासून दूर, शांत बसावे. ढोल नको, फटाके नकोत, विजेरीचा झोत नको. नागपंचमीला नाग पकडून आणण्याची चूक झाली, ती येथे होऊ नये. पाहुण्याला त्याच्या घरीच राहू द्यावे. वडीलधाऱ्यांनी पूर्वीच्या वसाहती कोठे होत्या ते सांगावे. मुलांनी झाडावरून उडणारी वटवाघळे मोजावीत आणि तो आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढल्या वर्षी पुन्हा मोजावे. आकडा घटला, तर का घटला, हे गावाला विचारण्याचा अधिकार तुम्हांला राहील.

त्या मुलांना मी जे सांगू शकलो नाही, ते तुम्हांला सांगितले आहे.