चर्च आणि लिंक्डइन
कोल्हापुरातल्या शाहूपुरीसारख्या व्यापारी पेठेत माणसाची ओळख त्याच्या धंद्यावरून पटते, लिंक्डइनवरही तसेच. म्हणून इथल्या चर्चने तिथे जरूर जावे, पण प्रवचनासाठी नव्हे. इथला इतिहासच तसे सांगतो. 1852मध्ये मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. 1894मध्ये मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी जवळच्या मिरजेत रुग्णालय उभारले. ख्रिस्ती समाज संख्येने लहानच राहिला, पण शाळा-दवाखान्यांवर सर्व जातिधर्मांच्या लोकांनी विश्वास टाकला. तेव्हा लिंक्डइनवरून परिचारिका, लेखापाल, निवृत्त शिक्षक गाठावेत. आरोग्य शिबिरासाठी, मुलांना नोकरीची वाट दाखवण्यासाठी त्यांचा वेळ मागावा. हा धर्मप्रसाराचा चोरदरवाजा ठरेल, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे, कारण लिंक्डइनवर साहेब आणि कर्मचारी एकमेकांशी जोडलेले असतात, आणि साहेबाचे निमंत्रण हाताखालच्याला नाकारणे जड जाते. म्हणूनच चर्चचे नाव उघड लावावे, खासगी निरोपांतून उपदेश टाळावा आणि साहेबांनी आपल्या कर्मचाऱ्यांना बोलावणी धाडू नयेत. श्रद्धेचा बाजार होईल, हा दुसरा आक्षेप. पण कौशल्य सेवेला लावणे म्हणजे श्रद्धा विकणे नव्हे. बाजार होतो तो अनुयायांचे आकडे मिरवल्याने. मोजायचेच असेल, तर किती जणांचे काम झाले ते मोजावे.