झुकते माप आणि 'एकावर एक मोफत'

महिन्याचा पहिला रविवार. इंदिरानगर असो, सिडको असो वा नाशिकरोड, कोणत्याही मोठ्या किराणा दालनात सकाळी दहालाच ढकलगाड्यांची अशी दाटी होते की सिंहस्थातील पर्वणीची आठवण व्हावी. वाणसामानाची यादी हातात असते. पण नजर यादीवर नसते, ती लाल-पिवळ्या पाट्यांवर असते. 'तीन घ्या, दोनाचे पैसे द्या', '२५ टक्के अधिक', '५० टक्क्यांपर्यंत सूट'. यातील 'पर्यंत' हा शब्द मुंगीच्या पावलांनी लिहिलेला असतो. ज्या शहरात देशाच्या नोटा छापल्या जातात, तेथील सुशिक्षित माणसे चार रुपये वाचविण्यासाठी अर्धा तास डोके खाजवीत उभी असतात, हे दृश्य मोठे मनोरंजक आहे.

त्याला लगेच चंगळवाद म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. स्वस्त आणि चांगले हुडकून आणणे हा मराठी मध्यमवर्गीय घरातला जुना पुरुषार्थ आहे. खरे तर स्त्रीचाच. मर्यादित पगारात मुलांची शिक्षणे आणि लग्ने पार पाडणाऱ्या पिढीने हे शास्त्र पंचवटीतल्या वाण्याच्या दुकानात आणि गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात आत्मसात केले. चार ठिकाणी भाव विचारून, पाचव्या ठिकाणी घासाघीस करून आणलेल्या गवारीची चव निराळीच लागते. हा आनंद निर्भेळ आहे. प्रश्न एवढाच की, दालनात शिरल्यावर तो कोणाच्या हिशेबावर चालतो?

एकूण २५ टक्के अधिक माल म्हणजे प्रत्यक्षात २० टक्केच सूट, हे त्रैराशिक चौथी-पाचवीच्या मुलालाही येते; पण पाटीसमोर भल्याभल्या पदवीधरांना सुचत नाही. सूट मोजली जाते ती छापील किमतीवरून. औषधांसारखे काही अपवाद सोडले, तर छापील किंमत उत्पादकच ठरवितो. छापल्यापेक्षा जास्त घेऊ नये, एवढेच कायदा सांगतो. किती छापावी, हे तो सांगत नाही. तेव्हा आधी फुगवून मग टाचणी लावलेल्या फुग्याला सूट म्हणायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सरकारने यावर एक चांगला उपाय योजला. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांत २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दुरुस्ती झाली आणि पाकिटावर एकक विक्री किंमत छापण्याचे बंधन आले. पण मेख येथेही आहे. किलोच्या आतले पाकीट असेल तर भाव ग्रॅमला, किलोच्या वरचे असेल तर किलोला! उदाहरणादाखल, ८०० ग्रॅमची धुण्याची पावडर १०४ रुपयांना असेल, तर पाकिटावर 'ग्रॅमला ०.१३ रुपये' असे दिसेल. २ किलोची पिशवी २७० रुपयांना असेल, तर 'किलोला १३५ रुपये'. ०.१३ ला हजाराने गुणले की १३० होतात, म्हणजे लहान पाकीटच स्वस्त, हे उभ्या उभ्या कितीजण ताडतील? 'मोठे पाकीट म्हणजे काटकसर' ही आपली परंपरागत श्रद्धा. शिवाय हा आकडा छापील किमतीवर काढलेला. दुकानाने वर सूट दिली की तोही निरुपयोगी ठरतो आणि ग्राहकाला नव्याने भागाकार मांडावा लागतो. तो मांडायला चष्मा लागतो, कारण अक्षरे पुन्हा मुंगीचीच.

मग घरी संवाद घडतो. "अगं, शेवयांचे चार पुडे कशाला आणलेस?" सासूबाई विचारतात. "आई, दोनावर दोन मोफत होते," सूनबाई सांगते. "पण आपल्याला तर एकही नको होता!" या वाक्याला कोणत्याही पाटीवर उत्तर नसते.

बिग बझारने २६ जानेवारी २००६ रोजी 'सबसे सस्ता दिन' साजरा केला, तेव्हा अनेक शहरांतील दालनांवर लोटलेली गर्दी आवरेनाशी झाली होती. प्रजासत्ताकाचा दिवस आणि स्वस्ताईचा दिवस एक व्हावा, हा योग कोणाला खटकला नाही. २०२२ मध्ये त्या दालनांचा डोलारा कोसळला; राष्ट्रीय सणाला खरेदीला धावण्याची सवय मात्र मागे राहिली.

कोपऱ्यावरचा वाणी काही साधुसंत नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. त्याचा तराजू कधी कधी डुलत असे आणि तांदळातील खडे मोफतच असत. दालनात माल स्वच्छ मिळतो, पावती मिळते, लहान पोरालाही मोठ्याइतकाच भाव लागतो. म्हणून दालनावर बहिष्कार हा काही मार्ग नव्हे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, ते ग्राहकाने दुकानदाराशी भांडत बसावे म्हणून नव्हे, तर त्याने संघटित आणि जाणता व्हावे म्हणून. मुंबई ग्राहक पंचायतीने तर सभासदांचे गट करून, एकत्र खरेदी केलेले महिन्याचे सामान आपसांत वाटून घेण्याची पद्धत रुजविली. तेथे सूट होती. पण ती शेजाऱ्याशी बोलून मिळत असे. कोणाला किती डाळ हवी, हे गटाला आधीच ठाऊक असे आणि नको असलेल्या शेवया कोणाच्याच गळ्यात पडत नसत.

गंगेवर बुधवारी मेथीची जुडी वीस रुपयांची पंधराला मागून बघणारी तीच बाई रविवारी दालनात छापील भाव निमूटपणे देते, आणि वर 'वाचले' म्हणून समाधान मानते. मळ्यातून पहाटे निघून आलेली भाजीवाली कुरकुर करीत पंधरा रुपये घेते. मग टोपलीतल्या चार हिरव्या मिरच्या उचलून पिशवीत टाकते आणि म्हणते, "राहू द्या ताई, वरून."