धुराची चव

मैत्रिणींनो, व्हिस्कीचा विषय आणि आपल्या पुरवणीत? दचकू नका. दारूनं धुऊन नेलेली घरं प्रत्येकीच्या आळीत आहेत, ती विसरून मी लिहीत नाहीये.

मागच्या वर्षी लेकीकडे स्कॉटलंडला गेले होते. जावयांनी आयला बेटावरच्या किलहोमनची कोवळी व्हिस्की घोटभर ओतली. तिथं दलदलीतली पीट नावाची माती जाळून तिच्या धुरावर मोडाचं जव वाळवतात. मग ओकच्या पिंपात निदान तीन वर्षं, आणि या बाटलीला शेवटी शेरीचं पीप.

"आई, आधी वास घ्या," जावई म्हणाले. नाकाशी नेलं अन् थेट आजीची चूल! मग दवाखान्यासारखा वास. दोन थेंब पाणी घातलं, तशा मागून मनुका, खजूर. ही शेरीची देणगी. जिभेवर मात्र कोवळेपणाचा चटका.

"एवढं आम्हाला कळलं नव्हतं!" जावई चकित. अहो, फोडणी करपायच्या आधी ज्या नाकाला कळतं, त्याला हे काय अवघड?

त्याच बेटावरच्या लाफ्रॉइगमध्ये १९३४ साली टायपिस्ट म्हणून आलेली बेसी विल्यमसन १९५४ मध्ये मालकीण झाली. आपल्या वाट्याला मात्र बाटलीनंतरचं निस्तरणंच आलं.

प्या, असं मी मुळीच म्हणत नाही. मी एका घोटावर ग्लास खाली ठेवला. कुठं थांबायचं हे कळणं, हीच खरी पारख. गावात बाटली आडवी करायला मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना ती पुरेपूर होती!