वाडी मोजली गेली पाहिजे



गेल्या जयंतीला सहकुटुंब गावी गेलो होतो. आमचा तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाली, पण ती खेडवरून जाते. मंडणगड तालुक्यात स्टेशन नाही. म्हणून आपल्या माणसाला आधार एस.टी.चाच. एस.टी. गावात येते. तिथून आमची बौद्धवाडी म्हणजे पऱ्या ओलांडून वीस मिनिटांची पायवाट.

माझी चुलती ऐंशीच्या पुढची. तिला त्या दिवशी ताप भरला. डोली करून रस्त्यापर्यंत आणली. उचलणारे चौघेही जयंतीला आलेले मुंबईकर. चुलती म्हणाली, “तुम्ही होतात म्हणून बरं रे बाबांनो. पावसात मला कोण उचलणार?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मी कारकून माणूस, आकडे चाळायची सवय. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी! दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. कारण उघड आहे. कर्ता पुरुष पोटासाठी मुंबईला जातो, मागे म्हातारी माणसे, बाया आणि पोरे राहतात. माणूस कमी म्हणून सोय कमी, आणि सोय नाही म्हणून आणखी माणूस गाव सोडतो.

रस्त्याचा हिशोबही डोक्यांवरच होतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिच्यात सपाट भागातील वस्तीला ५०० लोकसंख्येची अट. २०२४ साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही तीच अट असून आधार २०११ च्या जनगणनेचा. आमची वाडी वीस-बावीस घरांची. ती या अटीत बसणार कशी? गाव रस्त्याने जोडलेले दिसते, वाडी मात्र पायवाटेवरच राहते.

७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून एस.टी. मोफत, महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट. सवलत चांगलीच आहे. पण ती गाडीत चढल्यावर मिळते. गाडीपर्यंत पोहोचणार कसे?

मग हात जोडून बसायचे का? मुळीच नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेमार्फत चालते. रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांसाठी वस्तीच्या लोकसंख्येनुसार निधी ठरतो. इथे लहान वाडीलाही जागा आहे. मात्र मागणी ग्रामसभेत मांडली पाहिजे, ठराव लिहून घेतला पाहिजे, त्याची नक्कल आपल्याजवळ ठेवली पाहिजे. तोंडी आश्वासनाने खडी पडत नाही.

दुसरे काम जनगणनेचे. २०२१ ची जनगणना झाली नाही. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली असून तीत जातीचीही नोंद आहे. वाडीतील एकही घर सुटता कामा नये. लांबच्या घरापर्यंत प्रगणक पोहोचला की नाही, हे वाडीतील शिकलेल्या मुला-मुलींनी पाहावे. मुंबईत राहणाऱ्याने मुंबईतच नोंद करावी. दोनदा नाव लावू नये. धर्म ‘बौद्ध’ सांगावा आणि अनुसूचित जातींच्या यादीतील आपली जातही सांगावी. १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. तेव्हा एक सांगितल्याने दुसरे जाईल, ही भीती नको.

मुंबईकर बांधवांनो, जयंतीला वर्गणी आपण आनंदाने देतो. यंदा गावी जाल तेव्हा एक दिवस ग्रामपंचायतीत जाऊन मागणीचा कागदही द्या. चुलतीला डोलीत घालावे लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

जयभीम!